बंद पडलेली जत्रा पुन्हा भरवायची तर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चंपाषष्ठी झाली की नाशिक जिल्ह्यात जत्रांचा हंगाम लागतो. ओझरला खंडेरायाच्या बारागाड्या, पौषात चंदनपुरीचा खंडोबा आणि त्र्यंबकला निवृत्तिनाथ, चैत्रात वणीचा गड, आणि मग अक्षय्य तृतीयेपर्यंत गावोगावचे भैरवनाथ, मारुती, म्हसोबा. मोठ्या यात्रांना बंदोबस्त मिळतो, एसटीच्या जादा गाड्या मिळतात, आपल्या अंकात जागाही मिळते. आम्ही लिहितोय ते दोन-तीन हजार वस्तीच्या गावांच्या जत्रांबद्दल. यातल्या कित्येक नावापुरत्या उरल्या आहेत, काही भांडणापायी बंद पडल्या, आणि आता काही गावांनी त्या पुन्हा भरवायचे मनावर घेतले आहे. जत्रा समित्यांची कामे करणाऱ्यांकडे त्यासाठी विचारणा होते. एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदा छापून आलेले बरे.

वर्गणी कमी पडली म्हणून जत्रा बंद पडत नाही. बायका-पोरे यायची थांबली की ती दोन-चार वर्षांत आपोआप बसते. तयारीच्या पहिल्या बैठकीत कार्यक्रमाची सुपारी कोणाला द्यायची यावरच तासभर जातो. त्याआधी विचारायचा प्रश्न असा की कडेवर पोर घेतलेली बाई या जागेवर चार तास कशी थांबेल? बसायला सावली, प्यायला पाणी, आडोसा, आणि टवाळखोरांपासून अंतर, एवढे जमले तर बाकीची जत्रा लोक स्वतःच भरवतात.

याचा चांगला दाखला आयर्लंडमध्ये आहे. आयर्लंड म्हटले की १७ मार्चचा सेंट पॅट्रिक आणि हिरवे कपडे एवढेच आपल्याला ठाऊक. पण तिथल्या गावांना आपापले संत आहेत, आणि बऱ्याच संतांच्या नावाने एकेक विहीर आहे. संताच्या दिवशी लोक विहिरीवर जमत, आपण देवाला घालतो तशीच उजवी प्रदक्षिणा घालत, फेऱ्या चुकू नयेत म्हणून हातात खडे घेऊन एका फेरीला एक खडा टाकत, पाणी पीत आणि शेजारच्या झाडाला चिंधी बांधत. दुपारनंतर दुकाने, बाजा, नाच. या दिवसाला तिकडे पॅटर्न म्हणतात. १७०३ च्या कायद्याने अशा विहिरींवर जमणाऱ्याला दहा शिलिंग दंड ठेवला, तरी लोक जमतच राहिले. जत्रांची खरी पडझड एकोणिसाव्या शतकातली, आणि त्यात मोठा वाटा दारूचा आणि काठ्यांचा. दोन गटांतली जुनी भांडणे त्याच दिवशी, त्याच मैदानावर, ब्लॅकथॉर्नच्या सोट्यांनी मिटवली जात. शेवटी कॅथलिक धर्मगुरूच या जत्रांच्या विरोधात उभे राहिले, आणि १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळाने उरलीसुरली गावेही ओस पाडली. ग्लेंडालोखला ३ जूनला सेंट केविनची जत्रा भरे. जोसेफ पीकॉकने १८१३ मध्ये काढलेले तिचे चित्र बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये आहे. त्यातले तंबू आणि गर्दी पाहिली तर नाशिकच्या माणसाला काही नवल वाटणार नाही. एवढी मोठी जत्रा, पण त्याच शतकात मोडली.

ज्या टिकल्या किंवा पुन्हा उभ्या राहिल्या त्यांची घडी बघण्यासारखी आहे. वॉटरफर्ड परगण्यातल्या आर्डमोरला २४ जुलैला सेंट डेक्लनचा दिवस असतो. लोक त्याच्या विहिरीवर जातात, खड्याने तिथल्या दगडावर क्रूस गिरवतात, आणि त्या दिवसाच्या आगेमागे गावाचा उत्सव चालतो. डोनेगलच्या ग्लेनकोलमकिलमध्ये ९ जूनला १५ थांब्यांची सुमारे तीन मैलांची फेरी असते, तीही अनवाणी चालण्याची पद्धत. कार्लो परगण्यातल्या सेंट मलिन्सची जत्रा जुलैतल्या एका रविवारी भरते. १ फेब्रुवारीच्या सेंट ब्रिजिडच्या निमित्ताने २०२३ पासून देशभर सार्वजनिक सुटी आहे, आणि शाळांतली मुले त्या दिवसांत लव्हाळ्याचे क्रूस विणतात. या सगळ्यांत दोन गोष्टी सारख्या आहेत. चालणे आणि प्रार्थना आधी, बाजार नंतर. आणि मुलांच्या हाताला काहीतरी काम. हे आपल्याकडेही नवे नाही. नाशिकरोडला फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते, तिला आपण यात्राच म्हणतो, आणि तिथे मुलाबाळांसकट आलेली माणसे कोणालाही दिसतील.

आता कामाचे बोलू. आधी तारीख. देवाची तिथी हलवू नये. रविवार बघून मूळ दिवसच पुढे ढकलला तर जुनी मंडळी तिथीलाच नैवेद्य दाखवतात, तरुण रविवारी मांडव घालतात, आणि एका गावात दोन जत्रा होऊन वर्गणीवरून तंटा लागतो. आयर्लंडमध्ये बरेच पॅटर्न जवळच्या रविवारी सरकले. आपल्याकडे मधला मार्ग सोपा आहे. अभिषेक, कावड, पालखी, नैवेद्य तिथीला. कुस्त्या, पाळणे, बाजार लगतच्या रविवारी. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला असलेल्यांना आणि सासरी गेलेल्या लेकींना रविवारीच येता येते. लेकी-जावयांना लेखी निमंत्रण पाठवावे, अगदी व्हॉट्सअॅपवर का होईना. गर्दीची सुरुवात तिथून होते. स्वयंसेवकांचा हिशेब मात्र शेतीकडे बघून करावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये निफाड-दिंडोरीत द्राक्षाची काढणी, पुढे उन्हाळ कांद्याची. चाळीस नावे लिहून घेतली तर पंचवीस हजर राहतात, असे धरूनच पाळ्या लावाव्यात.

जत्रेची तयारी विहिरीपासून करावी असे आमचे ठाम मत आहे. जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत जुनी बारव किंवा देवाची विहीर आहे आणि तिच्यात कचरा आहे. ती साफ करण्याचे काम दीड-दोन महिने आधी काढले की सगळ्या आळ्यांची पोरे एकत्र येतात, आणि जत्रेच्या दिवशी दाखवायला गावाच्या मालकीची एक चांगली वस्तू तयार होते. मात्र हेच काम सर्वांत घातकही आहे. बंद राहिलेल्या खोल विहिरीच्या तळाशी वायू साचलेला असतो. दोराला कंदील बांधून आधी तळापर्यंत सोडावा. विझला तर कोणी उतरायचे नाही. पेटता राहिला तरी निर्धास्त होऊ नये, कारण कार्बन मोनॉक्साइड कंदिलाला कळत नाही. म्हणूनच डिझेल किंवा पेट्रोलचे इंजिन कधीही विहिरीत उतरवू नये. पाणी उपसायला विजेचा पंप वापरावा किंवा इंजिन काठावर लांब ठेवून पाइप सोडावा. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोर धरणारे दोघे, हे रोजचे. खाली एक जण बेशुद्ध पडला की त्याला काढायला दुसरा उडी घेतो आणि दोघेही जातात. त्यामुळे वरच्यांनी ओढायचे, उतरायचे नाही, हे आधीच बजावून ठेवावे.

गाळ काढायला जेसीबी काठाला लावू नये. त्याच्या वजनाने घडीव दगड सरकतात आणि पुढच्या पावसात पायऱ्या ढासळतात. सांध्यांतून उगवलेला पिंपळ किंवा उंबर उपटला तर दगड बरोबर येतो, नुसता छाटला तर दुप्पट फुटतो. खोड जमिनीलगत कापून मुळे गवंड्याच्या हातून थोडी-थोडी काढून घ्यावीत आणि सांधे चुन्यात भरावेत. ऑइल पेंट आणि सिमेंटचा मोह आवरावा. बारव संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय हातच लावायचा नाही.

पाणी तीर्थ म्हणून लोक पिणारच, पाटी लावून कोणी थांबत नाही. म्हणून ते शुद्ध करून ठेवावे. गोल विहिरीच्या पाण्याचे माप असे काढतात: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळे मीटरमध्ये, आणि आलेल्या संख्येला ०.७८५ ने गुणायचे. म्हणजे घनमीटर निघतात. हजाराने गुणले की लिटर. चार मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी असेल तर साधारण ३७,७०० लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर या हिशेबाने सुमारे ९५ ग्रॅम लागते. चौकोनी बारवेला लांबी, रुंदी आणि खोली गुणावी. पावडर आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करावा, मग बादली पाऊण भरून ढवळावी आणि पाच-दहा मिनिटे ठेवावी. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली दोराने विहिरीत पाण्याखाली सोडावी आणि खालीवर हिंदकळावी. तळाचा चुना विहिरीत टाकायचा नाही. हे आदल्या रात्री करावे. निदान तासभर तरी पाणी उपसू नये. सकाळी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून क्लोरोस्कोपने तपासून घ्यावे, लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसले पाहिजे. बहुतेक ठिकाणी फसते ते दोन कारणांनी. पावडरीचे पोते महिनोन्‌महिने उघडे असते, त्यातला क्लोरीन उडालेला असतो. किंवा पाणी गढूळ असते आणि पावडर गाळातच खर्ची पडते. गाळ बसायला आठवडाभर दिला की दुसरी अडचण राहत नाही.

याशिवाय पिण्याच्या पाण्याची सोय वेगळी हवी. चैत्रातल्या उन्हात दिवसाला माणशी तीन लिटर धरावे. दोन हजार माणसांना सहा हजार लिटर म्हणजे पाच हजारांचा एक टँकर पुरत नाही, दुसरा सांगून ठेवावा.

विहिरीच्या पायऱ्यांवर तेलाचे दिवे ओळीने लावायची टूम हल्ली आली आहे. दिसते छान. पण सांडलेले तेल दगडात मुरते आणि दुसऱ्या दिवशी त्याच पायरीवरून म्हातारी घसरते. दिवे मातीच्या थाळीत वाळू घालून त्यावर ठेवावेत, आणि चढ-उताराच्या वाटेवर एकही नको. नारळाचेही तसेच. मांढरदेवला २५ जानेवारी २००५ रोजी अडीचशेहून अधिक माणसे गेली. तिथल्या पायऱ्या नारळाच्या पाण्याने निसरड्या झाल्या होत्या आणि वाट दुकानांनी आवळलेली होती. नाशिककरांना तर २७ ऑगस्ट २००३ ची सिंहस्थातली चेंगराचेंगरी आणि त्यातले ३९ मृत्यू वेगळे सांगायला नकोत. लहान गावातही दोन-चारशे माणसे एका अरुंद पायरीवर आली तर घडायचे ते तेच घडते. नारळ फोडायचा दगड देवळापासून निदान पन्नास फूट लांब ठेवावा, आत जायची वाट आणि बाहेर यायची वाट निराळी असावी, आणि पूजासाहित्याची दुकाने वाटेच्या एकाच अंगाला लावावीत. नवसाच्या चिंध्या बांधायच्या तर सुती आणि सैल. नायलॉनची फीत कुजत नाही, फांदी जाड होते तशी सालीत रुतते. आयरिश विहिरींवरच्या झाडांचेही हेच दुखणे आहे.

गोदावरीचे पाणी कावडीने आणणारी गावे पुष्कळ आहेत. रात्रीची चाल असते, म्हणून प्रत्येकाच्या अंगावर चकाकणारी पट्टी आणि मागे दिवे लावलेली गाडी, एवढे पुरते. मुंबई-आग्रा महामार्ग शक्यतो टाळून जुन्या गाडीवाटेने यावे.

बारागाड्यांबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. बारा गाड्या एकामागे एक बांधतात, बैल नसतात, भगत पुढे ओढतो आणि गाड्यांवर पोरे चढलेली असतात. गाड्या हलेपर्यंत जड वाटतात. एकदा चाल घेतली की त्या थांबत नाहीत, कारण त्यांना ब्रेक नाही. पुढचा माणूस अडखळला तर चाकाखालीच येतो. वळणावर मागच्या गाड्या बाहेर फेकल्या जातात आणि गर्दीत घुसतात. दोन गाड्यांमधला दोर सैल राहिला तर झटका बसून जू तुटते. उपाय साधे आहेत. मार्ग सरळ आणि सपाट निवडावा, उताराचा अजिबात नको, मग परंपरेने कोणताही असो. गाड्या साखळीने, मधे ढील न ठेवता बांधाव्यात. गाडीवर आठांपेक्षा जास्त माणूस नको आणि लहान मूल एकही नको. शेवटच्या गाडीला मागून दोन जाड दोर बांधून प्रत्येकावर दहा-दहा गडी ठेवावेत, तोच ब्रेक. थांबायच्या जागेआधीचे पन्नास फूट नांगरून ठेवले तर मऊ मातीत चाके रुतून वेग आपोआप मरतो. दोन्ही अंगांना पंधरा फुटांवर बांबूचा कठडा हवा. नुसत्या दोरीला लोक जुमानत नाहीत. एवढी तयारी नसेल तर त्या वर्षी गाड्यांची पूजा करावी आणि ओढू नयेत. देवाला चालते, मानकऱ्यांना समजवायला थोडा वेळ लागतो.

बैलगाडा शर्यतीला सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी मोकळीक दिली, तरी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीखेरीज ती होत नाही. शिवाय शर्यतीची गर्दी वेगळी असते. घरच्यांची जत्रा आणि शर्यत एका दिवशी ठेवू नये, एवढेच म्हणतो.

महाप्रसादात नासाडी आणि विषबाधा दोन्ही होतात, आणि दोन्हींचे मूळ अंदाजात आहे. हजार माणसांना लापशी, भात, आमटी आणि एक भाजी धरली तर गव्हाचा दलिया ४० किलो, गूळ ४० किलो, तूप सहा किलो, तांदूळ ९० किलो, तूरडाळ ३५ किलो पुरते. लापशीत गूळ लवकर पडला की दलिया शिजत नाही, कणी टचटचीत राहते. म्हणून दलिया तुपात भाजून, तिपटीने पाण्यात पूर्ण फुलू द्यावा, कणी बोटांत मोडते का बघावे, मगच बारीक चिरलेला गूळ घालून मंद आचेवर वाफ द्यावी. पुरीचा हट्ट नको. हजार माणसांना चार हजार पुऱ्या लागतात आणि पंगत कढईपाशीच अडते. दोनशेच्या पंगतीला पाऊण तास धरला तर पाच पंगतींना पावणेचार तास जातात. पहिल्या दोन पंगती बायका-मुलांच्या असाव्यात. सध्या त्या शेवटी बसतात, तोवर भाजी संपलेली असते आणि मुले झोपलेली असतात.

भात सगळा एकदम शिजवून टोपल्यांत दाबून, वर ओले फडके टाकून ठेवतात, हीच विषबाधेची सुरुवात. तांदळातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवून मरत नाहीत, आणि कोमट ढिगात ते झपाट्याने वाढतात. भात दोन-दोन पंगतींपुरताच शिजवावा आणि उतरवल्यापासून चार तासांत संपवावा. आदल्या रात्री काही शिजवायचे नाही. खवा, बासुंदी, श्रीखंड उन्हाळ्यात नकोच. एकादशीला भगर असेल तर सुटे पीठ विकत घेऊ नये. भगर निवडून, धुऊन, घरीच दळावी. थर्माकोलच्या ताटांना २०१८ पासून राज्यात बंदी आहे. पेठ-सुरगाण्याकडच्या पळसाच्या पत्रावळी सांगितल्या तर तिकडच्या घरांना दोन पैसेही मिळतात.

मुलांच्या हाताला काम हवे, असे वर म्हटले. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातला बोहाडा त्यासाठी फार चांगला आहे. संबळ-सनईवर देवादिकांची सोंगे नाचतात ती मुखवट्यांची परंपरा. मात्र पूजेतले मुखवटे मुलांच्या हाती द्यायचे नाहीत. शाळेत वेगळे करून घ्यावेत. मातीच्या साच्याला तेलाचा हात फिरवून त्यावर रद्दीचे बोटभर रुंद तुकडे खळीत बुडवून चिकटवायचे, एक थर आडवा तर दुसरा उभा, असे सहा थर. खळीत मेथीचे पीठ घातले की कीड कमी लागते. उन्हात नव्हे, सावलीत वाळवायचे, नाहीतर कडा वाकतात. पूर्ण वाळायला तीन दिवस जातात. जत्रेच्याच दिवशी मुखवटे बनवायची कार्यशाळा ठेवली की मुले ओला लगदा घेऊन घरी जातात आणि आया वैतागतात. वाळलेले मुखवटे तयार ठेवावेत आणि त्या दिवशी फक्त रंगवायला द्यावेत. सात वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या मनगटावर पालकांचा मोबाइल नंबर लिहिलेली कापडी पट्टी बांधावी. हरवलेले मूल माइकवर नावाने पुकारू नये, कारण ऐकणारा कोणीही येऊन न्यायला बघतो. 'एक मूल मांडवात आहे' एवढेच सांगावे आणि ओळख पालकांकडून काढून घ्यावी.

कुस्त्यांचा आखाडा वीस फूट लांब, तितकाच रुंद आणि फूटभर खोल केला तर चार ब्रास लाल माती लागते. निफाडची काळी माती चालत नाही. सुकली की तडकते, भिजली की चिकटते. माती चाळणीने चाळून ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून आदल्या दिवशी खोरून ठेवावी, सकाळी पुन्हा उकरावी. मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि टाकला की फुटावा. पहिल्या कुस्त्या रेवड्यांवरच्या, लहान मुलांच्या. मुलींच्या जोडीही लावाव्यात, आता तालमींतून येतात.

तमाशाला लोक उगाच बदनाम करतात. गण-गौळण आणि वग घरच्यांसह बघता येतो. माणसे पांगतात ती डीजेने आणि मांडवामागच्या बाटल्यांनी. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हा नियम आहेच. वर्षातून ठरावीक पंधरा दिवस बारापर्यंत सूट मिळते, पण आपल्या जत्रेचा दिवस त्यांत असेलच असे नाही. मग फड सात वाजताच उभा करावा. उशिरा आलेल्यांसाठी घरच्यांना ताटकळत ठेवायचे कारण नाही. मिरवणुकीला ढोल, संबळ, हलगी भरपूर होतात, नाशिकच्या ढोलाला तरी कोणी नाव ठेवू नये. दारूसाठी ग्रामसभेचा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे दुकाने बंद ठेवण्याची मागणी करता येते. दारूबंदी कायद्याच्या कलम १४२ मध्ये तो अधिकार आहे. ठराव महिनाभर आधी द्यावा. जत्रेच्या आदल्या दिवशी दिलेल्या अर्जावर काही होत नाही.

विजेबाबत एकच गोष्ट ठासून सांगतो. देवाची काठी, रथाचा कळस आणि मांडवाची कमान यांची उंची जत्रेच्या आठवड्यात, भर दुपारी, तारांखाली जाऊन पडताळावी. हिवाळ्यात घेतलेले माप उपयोगाचे नाही. उन्हात तारा तापून खाली झोळतात. अकरा हजार व्होल्टच्या तारेपासून महावितरण सांगेल तेवढे अंतर हवे, नसेल तर मिरवणुकीच्या तासापुरता महावितरणकडून पुरवठा बंद करून घ्यावा. हिरव्या बांबूने तार उचलून धरणारा माणूस प्रत्येक गावात असतो. त्याला आधीच दुसरे काम द्यावे, ओल्या बांबूतून वीज खेळते. मांडवात तात्पुरते मीटर आणि तीस मिलिअँपिअरचे ईएलसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारे बटण, असल्याशिवाय रसवंतीला आणि पाळण्याला जोडणी देऊ नये. पाळणेवाल्याकडे तपासणीचा दाखला आणि विमा मागावा. सर्वांत जास्त बोली त्याची म्हणून जागा त्याची, असे करू नये.

वर्गणी गोळा करायला नोंदणीकृत न्यास नसेल तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१-क ची परवानगी लागते, महाप्रसादाला अन्न व औषध प्रशासनाची नोंदणी, ध्वनिक्षेपकाला पोलिसांची. हे सगळे चार ठिकाणी फिरून मिळवताना समितीचा निम्मा उत्साह संपतो. गणेशोत्सवात एक खिडकी उघडते तशी चैत्रातल्या जत्रांसाठी तहसील कार्यालयात महिनाभर उघडावी, ही आमची प्रशासनाकडे मागणी. २०२७ च्या सिंहस्थात पोलीस बळ नाशिक-त्र्यंबककडे वळणार हे उघड आहे. त्या वर्षी लहान गावांना स्वतःच्या स्वयंसेवकांवरच भागवावे लागेल, तेव्हा त्यांचे प्रशिक्षण आतापासून घ्यावे. जमाखर्चाचा कागद जत्रेनंतर पंधरा दिवसांत चावडीवर लावावा, शिलकीसकट.

आपल्याकडेही एक विनंती आहे. तालुकावार जत्रांची तारीख, कार्यक्रमांच्या वेळा आणि कोणत्या गावी मुलाबाळांची काय सोय आहे, याचे छोटे सदर चैत्रभर चालवावे. चैत्रातल्या जत्रांचा निर्णय २६ जानेवारीच्या ग्रामसभेतच व्हायला हवा. १ मेची सभा येते तेव्हा बहुतेक जत्रा उरकलेल्या असतात. ज्या गावांना यंदा जत्रा भरवायची आहे त्यांनी तारीख, विहीर, दारूबंदीचा ठराव आणि खर्चाची मर्यादा हे चार विषय अजेंड्यावर घेण्यासाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) सभेच्या नोटिशीआधी लेखी द्यावेत आणि पोच घ्यावी.

आपले,
ग्रामजत्रांच्या नियोजनात काम करणारे काही कार्यकर्ते,
निफाड, सिन्नर व दिंडोरी तालुके, जि. नाशिक